बाळखोलीचा स्पीकर

"ताई, माझ्या भाचीला उपदेश ऐकू येत नाहीये."

चर्चमध्ये पाळकसाहेब ऐन रंगात आले होते, मंडळी माना खाली घालून ऐकत होती, काहीजण तर त्याच आसनात झोपलेही होते, आणि अशा वेळी कानाशी हे वाक्य! आवाज सांभाळणाऱ्या माईकताईने हेडफोन बाजूला सारून वर पाहिलं. एक उंच, अवघडलेला माणूस उभा होता. खांद्यावर टॉवेल, आणि टॉवेलवर एक टकली, लाळ गाळणारी, काही महिन्यांची बाई.

"भाचीला?"

"हो. आम्ही मागे काचेच्या खोलीत बसतो. तिथला स्पीकर मुका झालाय. ती फार नाराज आहे."

भाचीने तोंडभर जांभई दिली.

"दिसतंय," माईकताई म्हणाली आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. आवाजाच्या मिक्सरपुढे बसून हसायची तिला सवय नव्हती.

काचेची खोली म्हणजे बाळखोली. हॉलच्या अगदी मागे, माईकताईच्या टेबलाला लागून. रडक्या बाळांच्या आया तिथे बसायच्या, काचेतून व्यासपीठ दिसायचं आणि आवाज एका छोट्या स्पीकरमधून यायचा. त्याचं बटण मिक्सरच्या कोपऱ्यात होतं, आणि कुणाच्या तरी बाहीने ते शून्यावर गेलं होतं. तिने हात पुढे केला. पण त्या टकलीने नेमकी तेव्हाच हेडफोनची वायर पकडून ओढली, ताईचा हात भलत्याच बटणावर पडला, आणि...

कुईईईई!

अख्खी मंडळी गर्रकन मागे वळली. झोपलेलेही.

"अरे बापरे," तो कुजबुजला. "सगळे तुमच्याकडेच बघतायत."

"शिट्टी वाजली की बघतात." तिने बटण जागेवर आणलं. "एरवी नाही."

ती आपली सहज बोलून गेली. तो मात्र काहीतरी बोलायला गेला... आणि भाचीला थोपटत तसाच परत फिरला.

उपासना संपल्यावर माईकताईने बाळखोलीचं बटण पूर्ण वर करून त्यावर चिकटपट्टी लावून टाकली. आता कुणाची बाही लागो नाहीतर कोपर, तो स्पीकर कायमचा चालू. पट्टी तिने स्वतःच्या हाताने लावली बरं का! पुढे तिला स्वतःवरच चरफडायचं होतं, ते याच पट्टीपायी.

त्या माणसाचं नाव विचारायची गरजच पडली नाही. पुढच्या रविवारपर्यंत सगळी मंडळी त्याला 'मामा' म्हणायला लागली होती. त्याची बहीण गायकवृंदात, मेव्हणे जहाजावर, आणि म्हणून दर रविवारी बाळखोलीत चार आयांच्या मध्ये हा एकटा मामा, मांडीवर भाची घेऊन, अंग चोरून बसलेला. पेशाने तो सोफे शिवायचा. तरुण संघाची पोरं त्याला मामा म्हणत, आणि गंमत म्हणजे पाळकसाहेबांची सासूसुद्धा.

आणि ही सगळ्यांची माईकताई. लग्नं असोत, प्रार्थनासभा असोत, तरुणांचे मेळावे असोत, पहिली येणार ही आणि कुलूप लावून जाणार ही. मधल्या वेळात तिच्याशी कोण काय बोलणार? "ताई, आवाज वाढवा." "ताई, आवाज कमी करा." बस्स! आवाज नीट असला की ती आहे हे कुणाच्या गावीही नसायचं. मंडळीतल्या प्रत्येकाला ती पाठीमागून ओळखायची. कुणाचा शर्ट उसवलाय, कोण कोणाशेजारी बसायचं बंद झालंय, सगळं तिला ठाऊक. पण तिच्याकडे तोंड करून बसणारं त्या हॉलमध्ये कुणीच नव्हतं.

आठवडाभर ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. संध्याकाळी घरी आली की कुलूप उघडायचं, दिवा लावायचा आणि... बास. आई होती तोवर ओट्यापाशी उभं राहून दिवसभराचं सगळं तिला सांगायचं, आई नुसतं "हं" म्हणायची. आई गेली आणि घरात आवाज उरला तो फक्त कुकरच्या शिट्टीचा. दादा दुसऱ्या शहरात. फोन करायचा तो बिचारा, "सगळं ठीक ना?" आणि ही म्हणायची, "ठीक." त्या एका शब्दावर फोन संपायचा.

म्हणूनच तिला शनिवार आवडायचा. शनिवारी दुपारी गायकवृंद रविवारशाळेच्या मागच्या वर्गात पेटीवर सराव करायचा, आणि तोवर हॉलमध्ये ती एकटी, माईक तपासायला. सरावात व्यत्यय नको म्हणून हॉलचे स्पीकर बंद, कानाला लांब वायरचा हेडफोन. लोक माईकमध्ये म्हणतात, "हॅलो, एक, दोन, तीन." ही सुरुवातीला तसंच म्हणायची. मग एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "हॅलो... आज एका आजोबांनी स्वतःचा चष्मा डोळ्यांवर ठेवूनच चष्मा हरवल्याची तक्रार केली." हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज, गोल आणि जवळचा. कुणीतरी शेजारी बसून बोलावं तसा. तिला इतकं बरं वाटलं, की दर शनिवारी हेच सुरू झालं. एका माईकला दुकानातल्या गमती, दुसऱ्याला कुरकुरी. व्यासपीठावरच्या मोठ्या माईकला मनातलं.

"हॅलो. उपासनेनंतर सगळे चहा पितात. मी वायरी गुंडाळून जाते तोवर किटली रिकामी. मला चहाचं एवढं नाही... पण कपही कुणी ठेवत नाही हो."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, शेवटचं गीत सुरू असताना ती व्यासपीठाशी माईक उचलायला गेली आणि परत येऊन बघते तर टेबलावर चहा! वर बशी झाकलेली. तिने इकडेतिकडे पाहिलं. पाळकीणबाईंनी ठेवला असेल म्हणून त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मला कुठली आठवण! सॉरी हं."

पुढच्या शनिवारी तिने माईकला सांगितलं, की खुर्चीची स्प्रिंग टोचते, उपदेश लांबला की कंबरेचा पार काटा ढिला होतो. रविवारी खुर्चीवर नवी गादी. निळी, जाड, कडेला बारीक शिवण.

आता सांगा, तिने काय समजावं? सोफे शिवणारा माणूस काचेपलीकडे बसलाय हे आपल्याला दिसतं. पण ज्याचं कधीच कुणी ऐकलेलं नसतं, त्याला माणसाने ऐकलं असेल हे सुचतच नाही. तिला थेट वर संशय आला. रिकाम्या हॉलमध्ये, व्यासपीठावर, मनापासून बोललेलं... प्रार्थनाच ती! माईकताईच्या अंगावर शहारा आला. घरी जाताना तिने दोनदा आभाळाकडे पाहिलं आणि एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

त्यानंतर मामाशीही तिचं थोडं थोडं बोलणं व्हायला लागलं. तो काचेपलीकडून भाचीचा हात धरून तिला टाटा करायचा. ही बटण फिरवता फिरवता दोन बोटं हलवायची.

"तुमच्या भाचीला उपदेश आवडतो वाटतं. गाढ झोपते."

"उपदेशाला नाही झोपत ती. तिला एकच आवाज आवडतो," तो म्हणाला आणि उगाच कानापर्यंत लाल झाला.

"आईचा?"

"अं... हो. म्हणजे... निघतो मी. तिची दुधाची वेळ झाली."

विचित्रच आहे माणूस, तिला वाटलं. पण त्या दिवशी वायरी गुंडाळताना ती गुणगुणत होती.

अशातच दुकानाच्या मालकांनी तिला बोलावलं. दुसऱ्या शहरात नवी शाखा काढतायत, सांभाळायला तीच हवी. तरुण मेळाव्यानंतरच्या सोमवारी उत्तर दे, म्हणाले. पगार वाढणार होता, खोलीही मिळणार होती. नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेच तिला खात होतं. त्या शनिवारी मोठ्या माईकचा दांडा तिने उगाच दोनदा वर-खाली केला.

"हॅलो. मी जाईन बहुतेक... जायचं दुःख नाही. पण मी जाते म्हटल्यावर 'जाऊ नकोस' म्हणणारं एक माणूस नसावं? सगळे विचारतील, मग मिक्सर कोण बघणार..." तिचा आवाज चिरकला. "आई होती तेव्हा घरात पाऊल टाकलं की विचारायची, जेवलीस का. तेवढं जरी कुणी विचारलं ना, तरी..."

तिने माईक बंद केला.

दुसऱ्या दिवशी उपासनेआधी ती वायरी जोडत होती. सकाळची वेळ, लोक अजून यायचे होते, कुणीतरी खिडक्या उघडत होतं. मामा भाचीला घेऊन आत आला, तिच्या टेबलापाशी थांबला, घसा खाकरला.

"जेवलात का?"

"हो, म्हणजे नाही, आत्ता कुठे..." ती बोलता बोलता थांबली. हातातली वायर हातातच राहिली. सकाळी सकाळी, चहासुद्धा धड पोटात नसताना, कोण विचारतं जेवलात का?

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग काचेकडे. मग कोपऱ्यातल्या त्या बटणाकडे, स्वतःच लावलेल्या त्या चिकटपट्टीकडे.

"शनिवारी तुम्ही कुठे असता?"

"इथेच." तो चोरासारखा खाली बघत होता. "बहिणीचा सराव असतो ना... हिला आत निजवायला घेऊन बसतो. दिवा बंद, पडदा ओढलेला. पहिल्यांदा मला वाटलं रेडिओ लागलाय. मग तुमचा आवाज ओळखला. उठून सांगणारच होतो, पण ही झोपली. खरंच सांगतो, ही कशानेच झोपत नाही हो, तुमच्या आवाजाने झोपते..."

"दर शनिवारी?"

"...दर शनिवारी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. चहा, गादी, चष्म्याच्या गमती, आई. सगळं. "मला वाटलं देव ऐकतोय," ती म्हणाली. ओरडायचं होतं तिला, पण आवाज फुटला तो इवलासा.

"त्यानेही ऐकलं असेल की," तो घाबरत घाबरत म्हणाला. "पण कप उचलून आणायला त्याला कुणीतरी लागतंच..."

"विनोद करू नका!" आता मात्र आवाज चढला. "एखादीची दया आली की असं करायचं का? पडद्याआड बसून ऐकायचं आणि रविवारी दान वाटायचं?"

"दया नाही हो..."

"मग काय?"

त्याने भाचीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तिने नखाने पट्टी उचकटली, टर्रकन ओढून काढली आणि बाळखोलीचं बटण शून्यावर आणलं.

"मेळावा झाला की सोमवारी मी होकार कळवणार आहे," ती म्हणाली. "ते तर ऐकलंच असेल तुम्ही."

त्यानंतरच्या शनिवारी तिने माईक तपासले ते असे: "एक, दोन, तीन." संपलं. काचेपलीकडे पडदा उघडा होता, खोली रिकामी होती. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट हॉल एवढा मोठा वाटला, की ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली. आधी कुणीच ऐकत नव्हतं, तेव्हा तिने त्याची सवय करून घेतली होती. पण कुणीतरी ऐकत होतं, हं म्हणत नव्हतं तरी ऐकत होतं, आणि आता तेही नव्हतं. ही नवी जखम होती. मागच्या वर्गात सराव चालू असताना एक तान्हं बाळ जीव खाऊन रडत होतं आणि काही केल्या थांबत नव्हतं. ती त्या निळ्या गादीवर बसून रडली. त्या गादीचाही राग आला तिला, आणि उठवेनाही.

मेळाव्याच्या दिवशी पहाटेपासून पाऊस. अंगणात मांडलेल्या खुर्च्या पोरांनी डोक्यावर घेऊन व्हरांड्यात आणल्या, पाहुणे तरुण छत्र्या झटकत तिथेच दाटीवाटीने उभे राहिले. ताईने व्हरांड्यात एक स्पीकर लावला, स्वयंपाकघरात एक, वर्गात एक, म्हणजे कुठेही असलं तरी सूचना ऐकू याव्यात. सगळं जोडून झालं, बटणं खाली करून ठेवली. हॉल अजून रिकामा होता. हा तिचा इथला शेवटचा मेळावा. उद्या सोमवार.

"ताई."

तिने वळून पाहिलं नाही. "बोला."

"हिला जरा धरा."

आणि विचार करायच्या आत टकली तिच्या हातात! ओली, गरम, दुधाचा वास येणारी. दोन्ही हात अडकले, आता रागावणार कशी?

"तिला घेऊन आत बाळखोलीत बसा," मामा म्हणाला. केस पावसाने चिकटलेले, चेहरा पांढराफटक. "तुमचं सगळं मी ऐकलं, माझं तुम्ही काहीच ऐकलं नाही. हा हिशोब बरोबर नाही. आज माझी पाळी. मग हवं तर जन्मात बोलू नका."

"मला मंडळी यायच्या आत..."

"पाचच मिनिटं."

ती गेली. का गेली, देव जाणे. काचेआड एका बुटक्या खुर्चीवर बसली. बाहेर तो मिक्सरपुढे उभा राहून डोकं खाजवत होता. कुठलं बटण बाळखोलीचं, हे त्याला कुठे माहीत? त्याने खबरदारी म्हणून सगळीच्या सगळी वर केली. दाराबाहेर पावसाचा असा काही दणका चालला होता, की कुठे काय घुमतंय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. आणि काचेआड ताईला तर आपला कोपऱ्यातला स्पीकर सोडून दुसरं काही ऐकूच येणार नव्हतं.

तो व्यासपीठावर चढला. मोठ्या माईकसमोर उभा राहिला.

"हॅलो," तो म्हणाला, आणि तिच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून तो एकदम तिच्या कानाशी आला. श्वाससुद्धा. "हॅलो. एक... मी लोकांचे सोफे शिवतो. त्यावर दुसऱ्यांची घरं बसतात. संध्याकाळी एकत्र बसतात, भांडतात. मी शिवून देतो आणि घरी येऊन स्टुलावर जेवतो."

भाचीने हुंकार दिला. ताईने नकळत तिला छातीशी घेतलं.

"दोन. माझं एकदा लग्न ठरलं होतं. ती म्हणाली, तू फार गप्प असतोस, भिंतीशी संसार करायचा का मी? बरोबरच होतं तिचं. मला वाटायचं, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच... मग तुमचे शनिवार ऐकले. चष्मा घालून चष्मा शोधणारे आजोबा ऐकले. आठवडाभर मी मनात तुम्हाला उत्तरं द्यायचो. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, कुणाशी बोलताय? ऐकायला नको होतं मी, चूक झाली. पण दया नव्हती ती. दया आली असती तर पाळकीणबाईंना सांगितलं असतं, चहाचं तेवढं बघा म्हणून. मला... मला स्वतः आणायचा होता."

तिला समोरचं धूसर दिसायला लागलं. पाऊस तर काचेच्या पलीकडच्या खिडकीवर होता.

"तीन." माईकचा दांडा त्याने असा धरला होता, जणू बुडताना दोर. "जाऊ नका म्हणायचा मला काही हक्क नाही. नोकरी चांगली आहे, तुम्ही तिथेही चांगलंच कराल. पण कुणी म्हटलंच नाही असं होऊन तुम्ही जाऊ नये. म्हणून म्हणतो... जाऊ नका. मिक्सरसाठी नाही. मिक्सर गेला खड्ड्यात. तुम्ही जाऊ नका."

आणि त्याच वेळी हॉलची दारं उघडली.

सगळ्यात पुढे पाळकीणबाई, हातात कपांचा ट्रे. मागे गायकवृंद. त्याची बहीण कपाळाला हात लावून. व्हरांड्यातली अख्खी तरुण मंडळी, यजमान नि पाहुणे, खुर्च्या डोक्यावर तशाच. स्वयंपाकघरातून पाळकसाहेबांची सासू, डोळे पुसत. ओळीने सगळ्यांचे चेहरे बघितल्यावर मामाला कळलं, की बटणं जरा जास्तच वर झालीयत.

तो माईकसकट व्यासपीठावरून खाली उतरला, पळायला वाट शोधत, आणि नेमका जाऊन उभा राहिला मोठ्या स्पीकरसमोर.

कुईईईईईई!

सवयीने, नुसत्या सवयीने, सगळी मंडळी गर्रकन मागे वळली. मागे बाळखोलीच्या दारात माईकताई उभी होती. कडेवर भाची, नाक लाल, गाल ओले.

दुसरा कुठला दिवस असता तर ती टेबलाखाली लपली असती. आज ती शांतपणे मिक्सरपाशी आली, एका हाताने बाळ सावरलं, दुसऱ्याने व्यासपीठाचं बटण खाली घेतलं. शिट्टी थांबली. हॉल एवढा गप्प झाला, की पागोळ्यांचा आवाज यायला लागला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने कुणाकडेच पाहिलं नाही, फक्त समोर, त्या ओल्या केसांच्या, मेल्याहून मेल्यासारख्या झालेल्या माणसाकडे. सूचना द्यायचा छोटा माईक तिने उचलला.

"हॅलो," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण व्हरांड्यात, वर्गात, स्वयंपाकघरात, सगळीकडे स्पष्ट गेला. "उद्या मी मालकांना नाही म्हणून सांगतेय."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. ही माईकची नव्हती. पाळकीणबाईंचा ट्रे खडखडला. ताईने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तिचं अजून संपलं नव्हतं. एक विचारायचं राहिलं होतं, आणि जेवणाची वेळ तर अजून लांबच होती.

"मामा..." ती म्हणाली, "जेवलात का?"

तो हसला. मग डोळ्यांवरून बाही फिरवली, आणि माईक बंद आहे हे विसरून त्यातच बोलला. हॉलभर कुणाला काही ऐकू आलं नाही. पण ती आज पहिल्यांदा त्याच्या ओठांकडे बघत होती, म्हणून तिला कळलं.

"नाही. तुमच्यासाठी थांबलोय."